जुन्या मोटरहोमच्या मागे स्टेपनी बसवण्याबाबत सल्ला हवा आहे

ह्यूस्टनकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९९ सालचे, फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेले २७ फुटी क्लास सी मोटरहोम आहे. पुढे व्हॅनची केबिन, केबिनच्या डोक्यावर पलंगाचा माळा आणि मागे सगळे बिऱ्हाड, अशी त्याची रचना आहे. गाडी जुनी घेतली तेव्हा तिच्यासोबत स्टेपनी आली नाही आणि ती ठेवण्यासाठी केलेली सोयही कुठे दिसत नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे, चासीच्या दोन्ही चॅनेलच्या, म्हणजे लांब लोखंडी तुळयांच्या, मध्ये ५५ गॅलनची पेट्रोलची टाकी आहे आणि तिच्या आजूबाजूला सांडपाण्याच्या टाक्या व जनरेटर आहेत. त्यामुळे पिकअप ट्रकमध्ये तारेच्या रहाटाने चाक खाली टांगतात, तशी जागा येथे उरलेली नाही.

सेवानिवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास म्हणून येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे यूटा आणि नेवाडाकडे जाणार आहोत. नेवाडातील महामार्ग क्रमांक ५० वर ऑस्टिन ते युरेका हे अंतर सुमारे ७० मैल आहे आणि मध्ये वस्ती जवळजवळ नाही. रस्त्यावरील मदतीचे सदस्यत्व आमच्याकडे आहे. परंतु मदतीला येणारा माणूस चाक बदलून देतो, टायर सोबत आणत नाही. आमचे एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज ई (भार पेलण्याचा वर्ग) हे माप छोट्या गावातील दुकानात त्या दिवशी असेलच, असे गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही.

स्टेपनी गाडीच्या मागच्या बाजूलाच बसवावी लागेल, असे दिसते. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, मागच्या बंपरला यू-बोल्टने आवळायचा तयार ब्रॅकेट. दुसरा, मागच्या भिंतीवर शिडीच्या शेजारी लोखंडी पट्टी ठोकून तिच्यावर चाक बसवणे. आणि तिसरा, हिचच्या, म्हणजे मागे गाडी ओढण्यासाठीच्या जोडाच्या, दोन इंची नळीत सरकवायचा स्टेपनीवाहक. कधीकधी आम्ही मागे छोटी मोटार ओढून नेतो, म्हणून हिच अडून राहिलेला मला चालणार नाही. यांपैकी कोणता मार्ग सुरक्षित आहे, आणि २५ वर्षांहून जुन्या गाडीत कोणत्या गोष्टी आधी तपासाव्यात, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लोखंडकाम_डेट्रॉईट

आपण विकत घेण्याआधी विचारले, हे फार चांगले झाले. माझा व्यवसाय ट्रेलर आणि ट्रकच्या लोखंडी सांगाड्यांचा आहे आणि अशी तुटलेली कामे दुरुस्तीसाठी नेहमी येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भिंतीचा पर्याय पूर्णपणे सोडून द्या. त्या काळातील बहुतेक क्लास सी गाड्यांची मागची भिंत म्हणजे एक-दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये फोम, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. ही भिंत स्वतःचे वजन आणि वारा सोसण्यासाठी बांधलेली असते. आपल्या मापाचा टायर पोलादी रिमसह सुमारे ७० ते ७५ पौंड, म्हणजे ३२ ते ३४ किलो भरतो. खड्ड्यातून जाताना तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, आणि हे दिवसभर हजारो वेळा घडते. भिंतीतील स्क्रू प्रथम सैल होतात, मग त्या छिद्रांतून पाणी आत शिरते आणि लाकूड आतून कुजते. बाहेरचा पत्रा चकचकीत राहतो, त्यामुळे मालकाला याची कल्पनाही येत नाही. शिडीला चाक बांधणारेही मी पाहिले आहेत. ती शिडी त्याच भिंतीत त्याच स्क्रूंनी धरलेली असते, म्हणजे त्याने काहीच साधत नाही.

बंपरबाबत लोकांची समजूत अशी असते की तो लोखंडी आहे म्हणजे भक्कम असणार. आपला बंपर जवळून पाहा. तो चार इंची चौकोनी नळीचा असेल आणि दोन्ही टोकांना टोपणे असतील, तर तो मुख्यतः सांडपाण्याची पन्हळी नळी ठेवण्यासाठी केलेला आहे. त्याचा पत्रा पातळ असतो आणि चासीला तो अनेकदा दोन लहान वेल्डवर टेकलेला असतो. चाकाचे वजन बंपरच्या मागे आठ-दहा इंचांवर लटकते, त्यामुळे नळीवर नुसता खाली ओढणारा भार येत नाही, तिला पिळणारा भार येतो. पातळ नळीला आणि लहान वेल्डला हा पीळ सर्वांत कमी सोसतो. बंपरसकट चाक रस्त्यावर पडले, तर मागून येणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. बंपरला चासीशी जोडणाऱ्या आधारपट्ट्या बाजारात मिळतात आणि त्यांनी वेल्ड तुटण्याचा धोका कमी होतो; पण नळीचा पत्रा त्यांनी जाड होत नाही.

भार चासीवरच गेला पाहिजे, आणि येथे जुन्या गाडीची एक खास अडचण आहे. फोर्डने पाठवलेली चासी आपल्या गाडीच्या शेपटीपर्यंत पोहोचत नाही. मोटरहोम बांधणाऱ्या कारखान्याने तिला मागे चॅनेलचे तुकडे वेल्ड करून लांबवलेली असते. म्हणून गाडीखाली झोपून हे जोड नीट पाहा. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, वेल्डच्या कडेने केसासारखी भेग दिसते का ते बॅटरीच्या प्रकाशात तपासा, आणि चॅनेलच्या खालच्या पट्टीवर टोकदार हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला पाहिजे. पापुद्रे सुटत असतील, तर स्टेपनीचा विचार थांबवून आधी ते काम करून घ्यावे लागेल.

भिंतीचीही तपासणी करून ठेवा, जरी तिच्यावर काही बसवायचे नसले तरी. ओलावा मोजण्याचे दोन काट्यांचे साधे यंत्र मिळते. शिडीच्या पायाशी आणि मागच्या दिव्यांच्या खाली, आतून कपाटाच्या बाजूने ते टोचा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर दिसला, तर तेथे कुज सुरू झाली आहे किंवा लवकरच होईल.

बसबांधणी_पुणे

ह्यूस्टनकर काका, मी बसच्या सांगाड्यांच्या आरेखनाचे काम करतो, म्हणून वजनाच्या बाजूने लिहितो. आधीच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. पण चासी मजबूत असली, तरी शेपटीवर ठेवलेले वजन अ‍ॅक्सलवर किती पडते, हा हिशेब आपण स्वतः करावा, कारण तो काट्यावर दिसणाऱ्या वजनाइतका सरळ नसतो.

२७ फुटी ई-४५० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर, बहुधा १७६ इंच असतो. पुढच्या अ‍ॅक्सलपुढील भाग सुमारे ३० इंच धरला, तर मागच्या अ‍ॅक्सलपासून बंपरपर्यंत साधारण ११८ इंच उरतात. चाकाचा मध्य त्याच्याही मागे दहा इंच गेला, तर अंतर १२८ इंच झाले. चाक आणि त्याचा लोखंडी वाहक मिळून १२० पौंड धरू. आता मागचा अ‍ॅक्सल हा तराजूचा टेकू समजा. त्याच्या मागे १२८ इंचांवर ठेवलेले १२० पौंड पुढचा अ‍ॅक्सल उचलू पाहतात. १२० ला १२८ ने गुणून १७६ ने भागले की ८७ येतात. म्हणजे पुढच्या चाकांवरून ८७ पौंड कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १२० नव्हे, तर २०७ पौंड वाढतात.

याचे दोन परिणाम होतात. पुढचे टोक हलके झाले की स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी जास्त भरकटते. जुन्या क्लास सी गाड्यांची शेपटी मुळातच लांब असल्याने त्यांत हा दोष आधीपासून थोडा असतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. आपल्या गाडीत तो ६७ टक्के भरतो. दुसरा परिणाम म्हणजे मागचा अ‍ॅक्सल त्याच्या परवानगीच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. ती मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलसाठी वेगवेगळी छापलेली असते.

म्हणून पहिली पायरी अशी असावी की प्रवासाचे सगळे सामान, पाणी आणि पेट्रोल भरून, माणसांसकट गाडी अमेरिकेतील ट्रक थांब्यांवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी. तेथे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगळे मिळते. केवळ एकूण वजनावर समाधान मानू नका. एकूण आकडा मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर गेलेला असणे, हे लांब शेपटीच्या गाड्यांत सहज घडते.

अरुंधती_टूसॉन

लोखंडाचे आणि वजनाचे जाणकार बोललेच आहेत. मी वापराच्या बाजूने काही गोष्टी सांगते, कारण आम्ही दोघी बहिणी ॲरिझोनाच्या वाळवंटात अशाच जुन्या गाडीने सतत फिरतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागच्या खिडकीची आहे. आपल्या गाडीत झोपण्याची खोली मागे असेल, तर मागच्या भिंतीतील खिडकी हा संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असण्याची शक्यता आहे. आतून लाल कड्या असतील, तर ती तीच आहे. गाडीत आग लागली तर ती बहुधा स्वयंपाकाच्या ओट्याकडून किंवा इंजिनाकडून येते आणि मुख्य दार त्या बाजूला राहते. त्या खिडकीसमोर चाक कधीही येता कामा नये, थोडेसेसुद्धा नाही. आपल्या टायरचा व्यास साधारण २९ इंच आहे. तो जमिनीपासून २० इंच उंचीवर ठेवला, तर वरची कड ४९ इंचांवर येते आणि बहुतेक गाड्यांत खिडकी त्याच्या वर राहते. चाक खाली ठेवल्याचा आणखी एक लाभ असा की ते काढताना व चढवताना कमी उचलावे लागते. मात्र फार खाली घेतले, तर पेट्रोल पंपाच्या उतारावर शेपटी घासते, हेही पाहावे लागेल.

नंबर प्लेट झाकली जाणार असेल, तर ती हलवावी लागेल आणि तिच्यावरचा दिवाही सोबत न्यावा लागेल. टेक्सासच्या नियमानुसार रात्री ती पांढऱ्या उजेडात ५० फुटांवरून वाचता आली पाहिजे. मागचे दिवे, परावर्तक आणि मागे पाहण्याचा कॅमेरा यांच्या आड टायर येत नाही ना, हे पुठ्ठ्याची २९ इंची चकती कापून, ती योजलेल्या जागी चिकटवून पाहावे. त्या वेळी मागच्या बाजूने, तिरकस कोनातूनही पाहावे.

आता टायरविषयी. पूर्ण चाक, म्हणजे रिमवर चढवलेला टायर, घेणे उत्तम. पण वजनाचा हिशेब जमत नसेल, तर नुसता टायर आत पलंगाखाली ठेवूनही निभावते. मदतीला आलेला ट्रक आपल्याला जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत नेतो आणि चढवून देणारा यंत्रवाला बहुतेक गावांत असतो. नेमका मापाचा टायर मात्र नसतो, आणि तीच अडचण यातून सुटते. नुसता टायर ३५ ते ४० पौंडांचा असतो आणि तो पुढे, अ‍ॅक्सलच्या जवळ ठेवता येतो.

मागे उघड्यावर ठेवायचे ठरलेच, तर उन्हाचा विचार करा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. टायरच्या कडेवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. फोर्ड सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देते, तर मिशेलिन दहा वर्षे ही अखेरची मर्यादा मानते, आणि दोघांच्याही सल्ल्यात स्टेपनी येते. पांढरे किंवा फिकट रंगाचे जाड आच्छादन घाला. त्याला खाली पाणी निघून जाण्यासाठी छिद्र असू द्या.

जुनीगाडी७८

विषय ई-४५० चा आहे, हे मला माहीत आहे. परंतु हा धागा पुढे आणखी जुन्या गाड्यांचे मालक वाचतील, म्हणून एक इशारा येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. सत्तरच्या दशकातील आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या अनेक मोटरहोमना, विशेषतः शेव्हरोलेच्या पी३० आणि डॉजच्या चासींवर, १६.५ इंची रिम असत. त्या मापाचे टायर आता क्वचितच मिळतात. भंगारातून स्टेपनीसाठी एखादे चाक आणले की त्यावर १६ इंची टायर चढवण्याचा मोह होतो, कारण तो हाताने जवळजवळ बसतोसुद्धा. हे कोणीही, कधीही करू नये. १६ इंची रिमवर टायरची कड बसण्याच्या जागेचा उतार ५ अंशांचा असतो, तर १६.५ इंची रिमवर तो १५ अंशांचा असतो. हवा भरताना कडेतील तार तुटते आणि टायर फुटतो. यात माणसे मेली आहेत. रिमवर कोरलेले माप वाचल्याशिवाय जुने चाक विकत घेऊ नका. १६.५ इंची रिम निघाले, तर सहाच्या सहा चाके आणि स्टेपनी १६ इंची रिमवर नेणे हाच मार्ग आहे.

ह्यूस्टनकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी तपासणी केली आणि जे आढळले ते येथे मांडतो.

बंपर चार इंची चौकोनी नळीचाच आहे, त्यात नळी ठेवलेली आहे आणि डाव्या बाजूच्या वेल्डवर गंज दिसतो. शिडीच्या उजव्या पायाशी ओलावा २४ टक्के निघाला, तर इतर ठिकाणी तो १२ ते १४ आहे. शिडीचे ते स्क्रू काढून, लाकूड वाळवून ते पुन्हा भरून घेण्याचे काम मी वेगळे सुरू केले आहे. चासीचे जोड मी एका ट्रक दुरुस्तीवाल्याकडून पाहून घेतले. वरवरचा गंज आहे, भेगा नाहीत आणि चॅनेलची जाडी शाबूत आहे. हिच या वाढवलेल्या चॅनेलला बोल्टने जोडलेला आहे आणि त्याच्यावर ३,५०० पौंड ओढण्याची व ३५० पौंड उभ्या भाराची मर्यादा लिहिली आहे. मागच्या खिडकीला लाल कड्या आहेत. तिची खालची कड जमिनीपासून ६२ इंचांवर आहे.

सगळे सामान आणि पाण्याची ४० गॅलनची टाकी पूर्ण भरून वजन केले. पुढचा अ‍ॅक्सल ३,७२० पौंड, मागचा ९,१६० पौंड, एकूण १२,८८० पौंड. दारावरील पट्टीनुसार मर्यादा अनुक्रमे ४,६००, ९,४५० आणि १४,०५० पौंड आहेत. व्हीलबेस १७६ इंचच आहे. बसबांधणी_पुणे यांच्या हिशेबाने स्टेपनीनंतर मागचा अ‍ॅक्सल ९,३६७ होईल, म्हणजे फक्त ८३ पौंड शिल्लक राहतील. एकूण वजनात हजार पौंडांहून अधिक मोकळीक दिसत असताना मागच्या अ‍ॅक्सलवर इतकी ओढाताण आहे, हे वजन केल्याशिवाय माझ्या लक्षात आले नसते. एवढी कमी मोकळीक ठेवून प्रवास करणे योग्य आहे का? आणि हिच मोकळा ठेवून चाक चासीवर बसवण्याची रचना नेमकी कशी असावी?

बसबांधणी_पुणे

८३ पौंड मर्यादेच्या आत आहेत, पण काका, मी तेवढ्यावर निघणार नाही, कारण प्रवासात सामान वाढते, कमी होत नाही. सुदैवाने आपल्याकडे हलवता येण्यासारखे वजन आहे. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, म्हणजे भरलेली टाकी सुमारे ३३४ पौंडांची झाली. या गाड्यांत ती बहुधा मागच्या पलंगाखाली असते. वाटेत १५ गॅलन पाणी पुरते आणि मुक्कामाच्या ठिकाणी टाकी भरता येते. २५ गॅलन कमी केले की २०८ पौंड उतरतात, आणि टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल, तर अ‍ॅक्सलवरचा फरक त्याहूनही जास्त पडतो. शिवाय मागच्या कप्प्यातील अवजारे, जॅक आणि डबाबंद सामान पुढे, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये येणाऱ्या कप्प्यांत हलवा. स्टेपनी मागे गेली की इतर जड वस्तू पुढे गेल्या पाहिजेत, असा नियमच करावा. हे केल्यावर पुन्हा एकदा वजन करा.

टायरची क्षमताही पाहून ठेवली. आपल्या मापाचा लोड रेंज ई टायर ८० पीएसआय हवेच्या दाबाला एकटा २,६८० पौंड आणि जोडीत (मागे एका बाजूला दोन चाके असतात तसा) २,४७० पौंड पेलतो. मागची चार चाके मिळून ९,८८० झाली, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. मात्र स्टेपनीत रबरी व्हॉल्व्ह असेल तर तो बदला. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० साठी धातूचा हवा.

लोखंडकाम_डेट्रॉईट

आता रचनेबद्दल. हिच अडवायचा नसल्यामुळे नळीत सरकवायचा वाहक बाद होतो. एकाखाली एक दोन नळ्या असलेले जोडसाधन मिळते खरे, पण त्याने सगळा भार आणखी मागे जातो, हिचच्या मर्यादा घटतात आणि नळीत नळी असल्याने थोडा खुळखुळाट कायम राहतो. ३५० पौंडांच्या हिचवर मी तो प्रयोग करणार नाही. चारही चाकांवर ओढली जाणारी मोटार हिचवर उभा भार फारसा टाकत नाही, म्हणून हिच तिच्यासाठी मोकळा ठेवणे हे आपले मूळ धोरणच योग्य आहे.

माझी शिफारस दारासारख्या उघडणाऱ्या बाहूची आहे. वाढवलेल्या दोन्ही चॅनेलच्या टोकांना जोडणारी एक आडवी जाड नळी घ्या. तीन बाय दोन इंच, पाव इंच जाडीची पुरे. ती बंपरच्या पुढे किंवा खाली येईल, बंपरवर टेकणार नाही. तिच्या एका टोकाला बिजागर म्हणून ३,५०० पौंडी ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो दांडा) उभा लावा आणि त्यावर त्याच ट्रेलरचा हब (चाकाचा फिरणारा मध्यभाग) बसवा. त्यात निमुळते बेअरिंग आणि ग्रीसची सोय आयती मिळते, वर्षानुवर्षे ढिलेपणा येत नाही, आणि आला तर एक नट आवळून जातो. त्या हबला दोन इंची चौकोनी नळीचा बाहू जोडायचा आणि बाहूवर चाकाची थाळी बसवायची.

दुसऱ्या टोकाला नुसती कडी लावून भागणार नाही. बाहू बंद होताना उताराच्या लोखंडी खोबणीवर चढून टेकला पाहिजे, म्हणजे प्रवासात चाकाचे वजन दोन्ही टोकांवर वाटले जाते आणि स्पिंडल एकटा लोंबकळत राहत नाही. खोबणीत बसल्यावर तो ओढून धरणारी कडी आणि तिच्याशिवाय वेगळी एक आडवी पिन हवी. कडी चुकून सुटली, तरी पिनने बाहू जागेवर राहिला पाहिजे.

जोडणीबाबत मी आग्रही आहे. आपली पेट्रोलची टाकी याच भागात आहे, म्हणून गाडीवर वेल्डिंग करूच नका. आडवी नळी, स्पिंडल आणि खोबणी यांचे सगळे वेल्डिंग कारखान्यात, गाडीपासून दूर होऊ द्या आणि तयार सांगाडा गाडीला ग्रेड ८ च्या अर्धा इंची बोल्टने जोडा. छिद्रे चॅनेलच्या उभ्या भागात पाडा. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांत पाडू नका, कारण वाकवणारा ताण त्या पट्ट्या घेतात आणि तेथील छिद्रापासून भेग सुरू होते. बोल्ट चौकोनी नळीतून आरपार जात असेल, तर आत पोलादी नळकांडे घाला. नाहीतर आवळताना नळी चेपते आणि काही दिवसांनी बोल्ट सैल पडतो. छिद्र पाडण्याआधी चॅनेलच्या आतल्या बाजूने पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी व तारा जात नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहा.

चाकाची थाळी पाव इंची पत्र्याची करा आणि तिच्यावर साडेसहा इंच व्यासाच्या वर्तुळावरील आठ छिद्रांच्या मांडणीनुसार स्टड लावा. आठही लावण्याची गरज नाही. चार पुरेत, त्यातील एकावर कुलपाचा नट बसवा. जोडचाकांचे रिम खोलगट असते, हे येथे उपयोगी पडते. खोलगट बाजू गाडीकडे ठेवली आणि थाळीचा दांडा रिमच्या पोटात शिरेल इतका लांब घेतला, तर टायर गाडीला चिकटून बसतो. उलट बाजूने लावला, तर तेच वजन कित्येक इंच मागे जाते. हिशेबातील १२८ इंच त्यामुळे १२४ पर्यंत आणता येतील. टायर धूर टाकणाऱ्या नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नका.

अरुंधती_टूसॉन

बाहू डावीकडे उघडायचा की उजवीकडे, हेही आताच ठरवा. रस्त्याच्या कडेला गाडी उभी असताना वाहने डाव्या बाजूने जातात. बिजागर डावीकडे असले, तर कडी उजव्या, म्हणजे कडेच्या बाजूला येते आणि ती उघडायला वाहतुकीकडे जावे लागत नाही.

७५ पौंडांचे चाक उचलताना पाठीला इजा होते. फळीचा एक तुकडा सोबत ठेवा. चाक थाळीवरून सुटले की त्या फळीवरून ते घसरत खाली येते आणि मग ते गडगडत नेता येते. चढवतानाही तीच फळी तरफ म्हणून वापरता येते. शक्य असेल, तर बाहूवर बोटीच्या ट्रेलरवरील हातरहाट लावून घ्या. निघण्याआधी घराच्या अंगणात आपण दोघांनी मिळून चाक काढून, बदलून आणि परत चढवून पाहा. चाकाचे नट आवळायला लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा) लागेल. नट किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. जॅक १२ टनी, बाटलीच्या आकाराचा घ्या आणि त्याखाली जाड लाकडी पाट घाला. गाडी समपातळीत आणण्यासाठी बसवलेले जॅक असतील, तर त्यांवर गाडी उचलून चाक बदलू नका. ते त्या कामासाठी नसतात.

मागच्या जोडीत नवी स्टेपनी लावावी लागली, तर शेजारचा झिजलेला टायर तिच्याहून लहान भरेल. दोघांच्या व्यासात पाव इंचाहून अधिक फरक असेल, तर मोठा टायर जास्त भार घेतो आणि तापतो. अशा वेळी सावकाश चालवत पुढचे दुकान गाठा आणि तेथे टायर जुळवून घ्या.

ह्यूस्टनकर

चित्र आता स्पष्ट झाले आहे. आडवी नळी व स्पिंडलचा बाहू करून देणारा एक ट्रेलरवाला येथे ह्यूस्टनमध्ये मिळाला आहे आणि गाडीवर वेल्डिंग न करण्याची अट त्याने लगेच मान्य केली. बिजागर डावीकडे, चाकाची वरची कड ४९ इंचांवर, म्हणजे खिडकीच्या कडेपासून १३ इंच खाली, असे माप त्याला दिले आहे. नंबर प्लेट आणि तिचा दिवा डाव्या दिव्याशेजारी सरकवत आहे. कॅमेरा खिडकीच्या वर असल्याने त्याची अडचण नाही. एकच शंका उरली आहे. बोल्ट एकदा आवळले की पुन्हा केव्हा पाहावेत?

लोखंडकाम_डेट्रॉईट

पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर सगळे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, कारण रंगाचा थर दबतो आणि जोड किंचित बसतो. त्यानंतर रोज सकाळी निघताना टायरला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहा. बाहू आणि गाडी एकत्र हलली पाहिजेत. बाहू वेगळा हलला, तर खोबणी किंवा स्पिंडलचा नट पाहा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर नट आणि चॅनेल यांना ओलांडणारी रंगाची एक रेघ ओढून ठेवा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि पाना न काढताच ते कळते. स्पिंडलला वर्षातून एकदा ग्रीस द्या, आणि स्टेपनीतील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना मोजा.